एकोणीस आधी, वीस नंतर: राउटरच्या आरंभक्रमाची समीक्षा



समीक्षा म्हटलं की पुस्तकाची, नाटकाची, फार तर एखाद्या इमारतीची, असं आपल्या डोक्यात येतं. आज मी ज्याची समीक्षा करणार आहे, ते जवळजवळ कुणीच वाचत नाही. पण लाइट जाऊन परत आली की ते प्रत्येक घरात पहिल्या ओळीपासून चालतं. राउटर सुरू होताना त्याच्या आत कोणत्या स्क्रिप्ट्स, कोणत्या क्रमाने आणि कुणाच्या सांगण्यावरून चालतात, हा आजचा विषय. उदाहरण म्हणून मी मुख्यतः ओपनडब्ल्यूआरटी घेणार आहे. कारण ते सगळ्यांना उघडून वाचता येतं, आणि जे वाचता येतं त्याचीच समीक्षा करता येते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ओपनडब्ल्यूआरटीने आरंभाचा क्रम मालकाला वाचता येईल असा केला, ही मोठी गोष्ट आहे. पण तो क्रम त्यांनी आकड्यांत लिहिला, आणि आकडा वाचणाऱ्याला जे आश्वासन देतो ते तो पाळत नाही. हे आश्वासन कुठे मोडतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, ते आज बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२च्या डिसेंबरात आला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना, पुष्कळांना आठवत असेल. त्यात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं आणि जीपीएल परवान्याचा आग्रह धरल्यावर २००३ साली त्याचा सोर्स कोड खुला झाला. त्या कोडवरूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं.

मूळ राउटरमध्ये आरंभाच्या वेगळ्या स्क्रिप्ट्स अशा नव्हत्याच. 'आरसी' नावाचा सी भाषेत लिहून कंपाइल केलेला एक प्रोग्रॅम होता. कर्नल उठला की त्यालाच 'इनिट' या नावाने बोलवायचा, आणि नेटवर्क, डीएचसीपी, वेब पान हे सगळं तो ठरलेल्या क्रमाने सुरू करायचा. हा क्रम कोडच्या आत पक्का बसवलेला. डब्यावर बसून तो वाचताही येत नसे आणि बदलताही येत नसे. त्या काळी लोक आत शिरले कसे? वेब पानावर पिंग करायची एक चौकट होती. तिच्यात लिहिलेलं नीट तपासलं जात नसे, म्हणून लोकांनी तिच्यातून हुकूम सोडले. आपल्याच पैशाने आणलेल्या वस्तूत मालकाला चोरवाटेने जावं लागलं. ओपनडब्ल्यूआरटीच्या रचनेकडे बघताना हे विसरून चालणार नाही.

आता ओपनडब्ल्यूआरटी चालू होताना काय घडतं, ते क्रमाने बघू.

बूटलोडर कर्नलला उठवतो. कर्नल आपलं काम आटोपून 'प्रीइनिट' नावाच्या टप्प्याकडे सूत्रं देतो. इथे दोन महत्त्वाची कामं होतात. एक, बटण दाबलंय का हे बघण्यासाठी साधारण दोन सेकंद थांबणं. हे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा. दुसरं, फाइल सिस्टिम जोडणं. मूळ प्रत स्क्वॉशएफएसमध्ये असते, ती फक्त वाचता येते. तुम्ही केलेले बदल तिच्यावर पसरलेल्या वेगळ्या थरात राहतात. काचेवर काच ठेवावी तसं. खालची अक्षरं पुसली जात नाहीत, वरच्या काचेवर तुम्ही लिहिता.

यानंतर 'प्रॉकडी' हा मुख्य प्रोग्रॅम येतो. हा प्रोसेस क्रमांक एक. तो 'इनिटटॅब' ही फाइल वाचतो, आणि तिच्यातली एक ओळ त्याला सांगते की 'आरसी डॉट डी' या फोल्डरमधलं एस अक्षराने सुरू होणारं सगळं 'बूट' हा शब्द देऊन चालव. त्या फोल्डरमध्ये खऱ्या स्क्रिप्ट्स नसतात, सिमलिंक असतात, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी दुसरी नावं. मूळ स्क्रिप्ट्स 'इनिट डॉट डी'मध्ये. प्रत्येक स्क्रिप्टच्या वरच्या भागात 'स्टार्ट' म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. ती स्क्रिप्ट 'एनेबल' केली की त्या आकड्याचा सिमलिंक तयार होतो, 'डिसेबल' केली की सिमलिंक जातो. संपलं. कुठेही लपवाछपवी नाही.

ही पद्धत जुन्या युनिक्सची, सिस्टिम फाइव्हची. ओपनडब्ल्यूआरटीने ती घेतली, छोटी केली, आणि ते योग्यच केलं. ज्या डब्यात ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम, तिथे परस्परावलंबनाचा हिशेब ठेवणारं मोठं यंत्र कुठे बसवणार? फोल्डरची यादी काढली की कळतं काय चालणार आहे. एसएसएचने आत जाऊन पाच मिनिटांत कुणीही वाचू शकतो. ही वाचनीयता हा या रचनेचा सगळ्यात मोठा गुण, आणि पुढे मी जी तक्रार करणार आहे ती हा गुण मान्य करूनच.

तर तक्रार अशी.

यादी बघा. एस-१९-डीएनएसमास्क, एस-१९-फायरवॉल, एस-२०-नेटवर्क, एस-५०-क्रॉन, एस-९५-डन. हे वाचून माणूस काय समजतो? एकोणिसाव्या पायरीवर फायरवॉल उभी राहिली, ती पूर्ण झाली, मग विसाव्या पायरीवर नेटवर्क उठलं, तेही पूर्ण झालं, मग पुढचं. रेशनच्या रांगेसारखं. एकाचं उरकलं की दुसरा.

पण आकडा फक्त एवढंच सांगतो की अमुक स्क्रिप्टला हाक आधी मारली. तिने सुरू केलेलं काम तयार झालं का, हे तो सांगत नाही. विसाव्या क्रमांकावर नेटवर्कला हाक जाते, स्क्रिप्ट लगेच परत येते, आणि रांग पुढे सरकते. तोवर तुमचं पीपीपीओई कनेक्शन लागलेलं नसतं. भिंतीवरचा फायबरचा डबा अजून स्वतःच उठत असतो. पुढच्या सगळ्या स्क्रिप्ट्सच्या दृष्टीने मात्र नेटवर्क 'होऊन गेलेलं' असतं.

फायरवॉलचंच घ्या. ती नेटवर्कच्या आधी आहे, आणि हा निर्णय बरोबरच आहे. दार उघडण्याआधी कडी बसवावी. पण वॅनचा इंटरफेस कोणता, त्याला पत्ता कोणता, हे तिला एकोणीसवर असताना ठाऊकच नसतं. म्हणून नंतर इंटरफेस खरोखर उठला की 'हॉटप्लग' नावाची दुसरी यंत्रणा तिला पुन्हा बोलावते आणि नियम पुन्हा लागतात. म्हणजे फायरवॉलची खरी वेळ एकोणीस ही नाहीच. 'वॅन उठला तेव्हा' ही तिची खरी वेळ. यादीत ती वेळ दिसत नाही.

आणखी एक गंमत. हे आकडे आपल्याला आकडे वाटतात, मशीनला ती अक्षरं असतात. फाइलींची नावं शब्दकोशासारखी लावली जातात. कुणी आपल्या स्क्रिप्टला हौसेने ५ हा आकडा दिला, की बुवा लवकर चालावी, तर ती १० च्या आधी जात नाही. ती ५० च्या मागे आणि ९५ च्या पुढे जाऊन बसते. शून्य लावून ०५ लिहायला हवं. आणि दोन स्क्रिप्ट्सचा आकडा एकच असेल तर? मग नावाचं आद्याक्षर ठरवणार. एकोणिसांत डीएनएसमास्क फायरवॉलच्या आधी का, तर 'डी' हे अक्षर 'एफ'च्या आधी म्हणून. त्यामागे कुणाचा विचार नाही, वर्णमाला आहे. उद्या नाव बदललं तर क्रम बदलेल.

आता प्रॉकडीकडे येऊ, कारण तिथे ही फट जास्त रुंद झाली.

पूर्वी बिझीबॉक्सचं साधं इनिट होतं आणि एक शेल स्क्रिप्ट एकामागून एक सगळं चालवत असे. २०१४ सालच्या १४.०७ या आवृत्तीपासून प्रॉकडी रूढ झालं. ते आणलं हे चांगलंच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आधी सेवा मेली की मेली, कुणाला पत्ता नसे. आता स्क्रिप्टने सांगितलं तर प्रॉकडी लक्ष ठेवतं. सेवा पडली तर पाच सेकंद थांबून पुन्हा उठवतं, आणि सारखीच पडायला लागली तर काही प्रयत्नांनंतर नाद सोडतं. शिवाय 'कॉन्फिग बदललं तर मला सांग', 'अमुक इंटरफेस उठला तर मला सांग' अशी नोंद सेवेला करता येते.

म्हणजे प्रॉकडीने प्रसंगाची भाषा आणली: हे घडलं, तर ते कर. पण जुनी आकड्यांची भाषाही तशीच राहिली. आज एकाच डब्यात दोन व्याकरणं नांदतात. यादी अजून म्हणते, एकोणीस, वीस, पन्नास. प्रत्यक्षात बऱ्याच महत्त्वाच्या गोष्टी प्रसंगाने घडतात, आकड्याने नाही. नवीन वाचक यादी बघतो, ती त्याला स्वच्छ दिसते, तो तिच्यावर विश्वास टाकतो. आणि फसतो.

तो कुठे फसतो? 'आरसी डॉट लोकल' या फाइलीत.

ही मालकासाठी ठेवलेली कोरी वही. काही स्वतःचं चालवायचं असेल तर इथे लिहा. ती कोण चालवतं? एस-९५-डन ही स्क्रिप्ट. पंच्याण्णव म्हणजे जवळजवळ शेवट, म्हणजे तोवर सगळं तयार, असं आपण धरून चालतो. लोक इथे व्हीपीएन सुरू करायचा हुकूम लिहितात, तो चालत नाही. मग वर 'स्लीप ३०' लिहितात. चालतो. एके दिवशी फायबरचा डबा उठायला चाळीस सेकंद घेतो, पुन्हा चालत नाही. मग 'स्लीप ६०'. मंडळी, हा साठ म्हणजे अंदाजपंचे. यंत्रणेला माहीत असतं की वॅन कधी उठलं, पण ते विचारायची जागा मालकाला कुणी दाखवलेली नसते, म्हणून तो घड्याळाकडे बघत बसतो. खरी जागा 'हॉटप्लग डॉट डी'मधलं 'आयफेस' हे फोल्डर. तिथल्या स्क्रिप्टला इंटरफेसचं नाव आणि 'उठला' की 'पडला' हे दोन्ही हातात मिळतं. रात्री कनेक्शन तुटून परत लागलं तरी ती पुन्हा चालते. आरसी डॉट लोकल एका बूटला एकदाच चालतं.

आणि त्या स्लीपचा भुर्दंड दुसऱ्यालाही पडतो. बूटच्या वेळी या स्क्रिप्ट्स एका वेळी एक अशा चालतात. पंच्याण्णव अडकला की मागचे खोळंबतात. मागे कोण? ९६ वर दिव्यांची स्क्रिप्ट, ९८ वर घड्याळ लावणारी. कुणी आरसी डॉट लोकलमध्ये कधीच न संपणारी लूप लिहिली आणि ती मागे ढकलायला विसरला, तर त्या बूटमध्ये घड्याळाची सेवा सुरूच होत नाही.

घड्याळ तेवढं महत्त्वाचं का? बहुतेक घरगुती राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट गेली की वेळही गेली. म्हणून अगदी पहिली, ०० क्रमांकाची 'सिसफिक्सटाइम' ही स्क्रिप्ट एक युक्ती करते. इटीसी फोल्डरमधल्या फाइलींत सगळ्यात अलीकडची तारीख शोधते आणि घड्याळ निदान तिथपर्यंत पुढे नेते. आदल्या वेळी डायरीत शेवटची नोंद कधी केली ते बघून आजचा दिवस ताडावा, तसं. मला ही स्क्रिप्ट फार आवडते. ती आपल्याला नेमकं किती कळतं हे जाणून काम करते. पण हा ताळा तात्पुरताच. खरी वेळ इंटरनेटवरून येईपर्यंत लॉगमधल्या तारखांवर भरवसा ठेवता येत नाही, प्रमाणपत्रं तपासताना घोटाळा होऊ शकतो, डीएनएसच्या सह्या तपासणारी यंत्रणा अडते. तेव्हा एका बेसावध स्लीपची किंमत त्या स्क्रिप्टपुरती राहत नाही.

इथे कुणी म्हणेल, चूक तर लिहिणाऱ्याची, रचनेला का बोल लावता? मी लावतो. कारण पंच्याण्णव हा आकडा आणि 'डन' हे नाव, दोन्ही मिळून त्याला सांगत होते की सगळं उरकलंय. त्याने यादी वाचली होती. यादीने त्याला अर्धीच गोष्ट सांगितली.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते दोन सेकंदांचं थांबणं. माझ्या मते या सगळ्या रचनेतला सर्वांत शहाणा भाग तो आहे. त्या वेळात बटण दाबलं तर राउटर 'फेलसेफ'मध्ये जातो. वरची काच ठेवलीच जात नाही. तुमच्या स्क्रिप्ट्स नाहीत, तुमचं कॉन्फिग नाही, फक्त मूळ प्रत. १९२.१६८.१.१ या पत्त्यावर राउटर तुमची वाट बघतो. स्वतःच्याच स्क्रिप्टने स्वतःला कुलूपबंद केलेल्या माणसाला परत घरात घेणारी ही सोय. रचनाकारांनी धरून चालले की मालक चुकणार, आणि त्या चुकीच्या आधी एक जागा राखून ठेवली. स्क्रिप्ट लिहायचं स्वातंत्र्य खरं ठरतं ते यामुळे.

तुलनेला डीडी-डब्ल्यूआरटी घ्या. तिथे वेब पानावर एक चौकट आहे, हुकूम लिहा, 'सेव्ह स्टार्टअप' दाबा. नवख्याला हे ओपनडब्ल्यूआरटीपेक्षा कितीतरी सोपं, हे मान्य केलंच पाहिजे. पण तो मजकूर जातो एनव्हीरॅममध्ये, 'आरसी-स्टार्टअप' या नावाच्या एका किमतीत. डब्ल्यूआरटी५४जीवर हा एनव्हीरॅम सगळा मिळून ३२ केबी, आणि त्यातच बाकीची सगळी सेटिंग्ज. बूट होताना तो मजकूर फाइलीत उतरवून चालवला जातो. इथे क्रम नाही, सुट्या सेवा नाहीत, एक गठ्ठा आहे. त्यातली एक ओळ बंद करायची तर गठ्ठा सोडायचा आणि पुन्हा बांधायचा.

आता या सगळ्याचा आपल्याला काय फरक पडतो? २०१८ चं उदाहरण सांगतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात सिस्कोच्या टॅलोस गटाने 'व्हीपीएनफिल्टर' नावाचा मालवेअर उघडकीला आणला. निदान ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं बाधित असल्याचा त्यांचा अंदाज होता. एफबीआयने लोकांना सांगितलं, राउटर बंद करून चालू करा. याने मालवेअरचा दुसरा आणि तिसरा टप्पा जायचा. पहिला जात नसे. कारण त्याने एनव्हीरॅममध्ये बदल केलेले आणि क्रॉनच्या वेळापत्रकात स्वतःची नोंद केलेली. बंद-चालू केलं की राउटर त्याला आपण होऊन पुन्हा उठवायचा.

म्हणजे बघा, ज्या जागेतून मालक राउटरला 'रोज उठल्यावर हे कर' असं सांगतो, त्याच जागेतून घुसखोरही सांगतो. आरंभाच्या जागा म्हणून वाचता आल्या पाहिजेत. माझ्या घरातल्या डब्यात सुरुवातीला काय चालतं हे मला बघताच येत नसेल, तर मी घातलेलं कोणतं आणि दुसऱ्याने घातलेलं कोणतं, हे मी कशावरून ओळखू? बाजारातल्या कितीतरी राउटरांत तशी सोय मालकाला दिलेलीच नसते. सुरक्षेसाठी बंद ठेवलंय, असं सांगतात. पण बंद दारामुळे आत आलेला चोरही दिसेनासा होतो.

म्हणून माझा निवाडा असा. ओपनडब्ल्यूआरटीची आरंभरचना वाचनीयतेत आणि फेलसेफमध्ये उत्तम. आकड्यांच्या बाबतीत ती जुन्या सवयीने चालते. आकडे काढून टाका असं मी म्हणत नाही, छोट्या डब्याला ते परवडतात. पण यादी बघणाऱ्याला आकड्याशेजारीच कळायला हवं की ही सेवा कोणत्या प्रसंगांची वाट बघते आहे. आज त्यासाठी प्रत्येक स्क्रिप्ट उघडून आत शोधावं लागतं. आणि आरसी डॉट लोकलच्या वहीत वरच लिहायला हवं: नेटवर्क लागणार असेल तर इथे लिहू नका, हॉटप्लगमध्ये लिहा.

तुमच्याकडे ओपनडब्ल्यूआरटी असेल तर घरी गेल्यावर तीन ठिकाणं उघडा: आरसी डॉट डीची यादी, आरसी डॉट लोकल, आणि क्रॉनचं वेळापत्रक. तिथली प्रत्येक ओळ कुणी आणि कशासाठी लिहिली हे तुम्हाला सांगता येतं का बघा. नसेल सांगता येत, तर तेवढ्या भागापुरता तो राउटर तुमच्या ताब्यात नाही.

एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: आरसी डॉट लोकलमध्ये हुकूम लिहिला, पण चाललाच नाही, एररही नाही. असं का?)

आधी फाइलीचा शेवट बघा. तिथे 'एक्झिट ०' अशी ओळ आधीपासून असते. आपण सवयीने सगळ्यात खाली लिहितो, म्हणजे तिच्यानंतर. ती ओळ आली की स्क्रिप्ट संपते, तुमच्या ओळीपर्यंत कुणी पोचतच नाही. तिच्या वर लिहा. आणि नेटवर्कचं काम असेल तर, पुन्हा तेच सांगतो, स्लीप वाढवू नका, जागा बदला.